झिलईचें भांडें आणि कोंकणची खाडी

राजेरजवाड्यांच्या इतिहासास ताम्रपट असतात, सरदारांच्या इतिहासास बखरी असतात. परंतु ज्यांनीं भात शिजविला, पाणी भरलें, मासे खारविले आणि ताडी उतरविली, त्यांच्या इतिहासास बहुधा एकच साधन उरतें, तें म्हणजे खापर. लांकूड कुजतें, लोखंड गंजतें, सोनें वितळवून त्यावर दुसऱ्याच्या नांवाचा शिक्का मारला जातो. भाजलेली माती मात्र फुटली तरी नाहींशी होत नाहीं. म्हणूनच जमिनींतून निघालेलें बोटभर खापर पाहून जाणते लोक त्या ठिकाणचा काळ, तेथील व्यापार आणि तेथील चूलहि सांगूं शकतात. अशा खापरांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. एक साधें, तांबडें किंवा काळें, हातास खरखरीत लागणारें. दुसरें काचेसारखें चकाकणारें, ज्यावर झिलई चढविली आहे असें. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या वर्गाची कथा सांगतां सांगतां पहिल्याची कैफियत मांडावी, असा आमचा हेतु आहे.

यासाठीं आम्ही उत्तर कोंकणचा एक लहानसा तुकडा डोळ्यांपुढें ठेवितों. पालघर तालुक्यांत खाडीच्या मुखाशीं मुरबे हें कोळ्यांचें गांव आहे. खाडीच्या दक्षिणेस पापलेटासाठीं प्रसिद्ध असलेली सातपाटी. उत्तरेस नांदगांव, आलेवाडी, नवापूर, घिवली अशीं गांवें मागें टाकीत गेलें म्हणजे तारापूर आणि चिंचणी लागतात. आणखी उत्तरेस डहाणू, आणि गुजरातची सीमा ओलांडतांच संजाण. या किनाऱ्यासमोरून निदान बाराशें वर्षें झिलईच्या भांड्यांनीं भरलेलीं गलबतें ये-जा करीत होतीं. असें असतां या भागांतील कुंभारानें आपल्या मडक्यावर झिलई कधीं चढविली नाहीं. हें कां झालें? सुशिक्षितांचें ठराविक उत्तर असें कीं, आमचा कारागीर गतानुगतिक; बापानें केलें तेंच मुलानें करावयाचें. हें उत्तर सोपें आहे खरें, परंतु तें न्याय्य आहे कीं नाहीं हें ठरविण्यापूर्वीं माती, आंच आणि झिलई यांचा परस्परसंबंध काय आहे, हें थोडें समजून घेतलें पाहिजे.

ओली माती वाळली म्हणजे कठीण होते, पण पाण्यांत टाकतांच पुन्हा चिखल होते. तिचा हा चिखल होण्याचा धर्म कायमचा जावा म्हणून तिला भाजावें लागतें. शंभर अंश सेंटिग्रेडच्या आसपास मातींतील उरलेला ओलावा वाफ होऊन निघून जातो. या वेळीं घाई केली तर वाफ वाट फोडते आणि भांडें तडकतें, म्हणून कुंभार आरंभीं आंच मंद ठेवितो. सुमारें पांचशें ते सहाशें अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रीतीनें बांधलेलें पाणीहि सुटतें. एवढें झालें कीं माती ही माती राहत नाहीं. ती पुन्हा कालवितां येत नाहीं. याच टप्प्यावर, ५७३ अंशांस, मातींतील गारेचे कण एकाएकीं फुगतात आणि निवतांना त्याच अंशास पुन्हा आकसतात. भट्टी लवकर उघडणाऱ्याच्या भांड्यांना चिरा जातात त्या पुष्कळदां यामुळें. पुढें आंच जसजशी वाढते तसतसे कण एकमेकांस चिकटूं लागतात. सातशें ते नऊशें अंशांपर्यंत भाजलेलें मडकें पक्कें असतें, पण सच्छिद्र असतें. बाराशें ते तेराशें अंशांस, तशा जातीची माती असेल तर, अंगच अर्धवट काच बनतें आणि पाणी पीत नाहीं. जुन्या कारागिराजवळ तापमापक नव्हता. आगीचा रंग हाच त्याचा तापमापक. अंधुक तांबडा, मग चेरीच्या फळासारखा लाल, मग नारिंगी, पिवळा आणि अखेर डोळे दिपविणारा पांढरा, अशा चढत्या पायऱ्यांनीं तो भट्टीच्या पोटांतील उष्णता वाचीत असे.

आमच्या कुंभाराचा आवा म्हणजे बंदिस्त भट्टी नव्हे. जमिनीवर गोवऱ्या, लांकडें व पेंढा यांचे थर, त्यांत एकावर एक रचलेलीं मडकीं, आणि वरून खापरांचें, राखेचें व मातीचें पांघरूण, असा तो ढीग असतो. अशा आव्यांत हवा मोकळी मिळाली तर मातींतील लोहामुळें भांडें तांबडें होतें. धूर कोंडून हवा तोडली तर तेंच भांडें काळें होतें. एकाच मातीपासून दोन रंग काढण्याची ही युक्ति या देशांत फार प्राचीन आहे. मडकें पक्कें झालें कीं नाहीं याची परीक्षा बोटाच्या टिचकीनें होते. नीट भाजलेलें मडकें खणखणतें, कच्चें बद्द वाजतें. तेरच्या गोरोबाकाकांनीं संतमंडळींच्या मस्तकांवर थापटी मारून कोण पक्का व कोण कच्चा हें सांगितलें आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही आख्यायिका महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? ती आध्यात्मिक म्हणून प्रसिद्ध आहे. पण तिच्या मुळाशीं जें ज्ञान आहे तें शुद्ध कुंभारवाड्यांतलें आहे.

आतां झिलईकडे वळूं. झिलई म्हणजे भांड्याच्या अंगावर वितळवून बसविलेला काचेचा पातळ थर होय. काचेचें मुख्य द्रव्य गार, म्हणजेच सिलिका. पण निव्वळ गार वितळावयास सतराशें अंशांच्या आसपास आंच लागते आणि तेवढ्या आंचेंत बहुतेक भांडीं स्वतःच विरघळून जातील. म्हणून गारेबरोबर तिला लवकर वितळविणारें द्रव्य मिसळावें लागतें: शिसें, सोडा, पोटॅश, चुना किंवा टांकणखार. तिसरें द्रव्य ॲल्युमिना, जें चिकणमातींतूनच येतें. त्याच्यामुळें वितळलेली काच दाट राहते आणि उभ्या भिंतीवरून ओघळून खालीं जात नाहीं. गार, द्रावक आणि ही दाटपणा आणणारी माती, या तिघांचें प्रमाण साधणें हीच झिलई करणाराची विद्या.

हें मिश्रण वस्त्रगाळ दळून पाण्यांत कालवितात. भांडें बहुधा एकदां भाजून घेतलेलें असतें. तें सच्छिद्र असल्यामुळें कालवणांत बुडवितांच पाणी शोषून घेतें आणि भुकटीचा सारखा थर अंगावर बसतो. बुडवितां येत नाहीं अशा मोठ्या भांड्यावर तें ओततात किंवा कुंचल्यानें लावितात. भांड्याचा तळ मात्र पुसून कोरडा ठेवावा लागतो, नाहीं तर वितळलेली काच त्याला भट्टीच्या फरशीशीं कायमचें जखडून टाकते. नंतर दुसरी भाजणी. रंगासाठीं धातूंचीं भस्में मिसळतात: कोबाल्टनें निळा, तांब्यानें हिरवा, पण झिलई सोड्याची असेल तर त्याच तांब्याचा पिरोजी, लोहानें मधासारखा पिंगट, आणि धुराच्या कोंडमाऱ्यांत थोड्याशा लोहानें चिनी लोकांचा तो प्रसिद्ध शेवाळी हिरवा.

इतकें करून भागत नाहीं. भट्टींतून निघाल्यावर भांडें आणि झिलई दोन्ही निवत निवत आकसतात, आणि दोघांचें आकसणें सारखें असावें लागतें. झिलई अधिक आकसली तर तिच्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. कमी आकसली तर ती कडांवरून पापुद्र्यासारखी सुटते. सोड्याची झिलई फार आकसणारी, म्हणून ती साध्या चिकणमातीवर क्वचितच निर्दोष बसते. जयपूरच्या निळ्या भांड्यांचे कारागीर यावर तोड म्हणून अंगच मुळीं मातीचें न करितां दळलेली गार, काच आणि डिंक यांचें करितात. इराणी कारागिरांनींहि हीच वाट धरिली होती. शिशाची झिलई सर्वांत सोपी. ती थोड्या आंचेंत वितळते, मातीशीं जुळवून घेते आणि चकाकतेहि सुंदर. पण आंबट पदार्थ तिच्यांतील शिसें अन्नांत उतरवितो, आणि शिसें हें हळूहळू मारणारें विष आहे.

ही विद्या आमच्या किनाऱ्यावर आली ती तयार मालाच्या रूपानें. तारापुराशेजारच्या चिंचणी येथें १९५५ च्या सुमारास ताम्रपटांचे कांहीं संच सांपडले. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींतला, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ मधला आहे. त्यावरून असें दिसतें कीं, संयान मंडळाचा, म्हणजे संजाणच्या मुलखाचा, कारभार राष्ट्रकूटांनीं मधुमति नांवाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपविला होता. मधुमति हें मुहंमद या नांवाचें संस्कृत रूप होय. या अरब अधिकाऱ्यानें आसपासच्या बंदरांवर आपला अंमल बसविला, नदीवर फुकट तरी चालविल्या आणि वाटसरूंस भात, कालवण व तूप मिळेल असें अन्नछत्र घातलें, असें ताम्रपट सांगतो. आणि हाच लेख एका देवीच्या मठिकेस दिलेल्या दानाचा आहे! कर्नाटकांतला राजा, अरब सुभेदार, देवीचा मठ आणि कोंकणची खाडी, या चारांचा असा सहज मेळ ज्या काळीं बसला, त्या काळच्या व्यापाराची कल्पना वाचकांनींच करावी.

या लेखाला पुरावा मिळाला तो खापरांचा. २००२ ते २००४ या वर्षांत संजाण येथें उत्खननें झालीं. त्यांत स्थानिक साध्या मडक्यांच्या खापरांबरोबर पश्चिम आशियांतील पिरोजी झिलईचीं आणि चीन देशांतील उच्च आंचेच्या भांड्यांचीं खापरें मिळालीं. त्या खापरांवरच श्रीमती रुखशाना नानजी यांनीं २०११ सालीं एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, यावरून तो ठेवा केवढा असेल तें समजेल. पिरोजी भांडीं इराणच्या आखातांतून येत. चिनी भांडीं मलाक्काच्या सामुद्रधुनींतून. त्याच युगांतलें एक जहाज इंडोनेशियांतील बेलितुंग बेटाजवळ बुडालेलें १९९८ सालीं सांपडलें. त्याच्या फळ्या अरबी पद्धतीनें दोरांनीं शिवलेल्या होत्या, आणि पोटांत सुमारें साठ हजार चिनी भांडीं होतीं. त्यांतील एका वाडग्यावर इ. स. ८२६ शीं जुळणारी मिति कोरलेली आढळली. चीनचें पांढरें भांडें पाहून बसऱ्याच्या कुंभारांस हेवा वाटला. तशी माती त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून त्यांनीं कथलाचें भस्म घालून झिलईच पांढरी केली आणि आपली पिवळी माती तिच्याखालीं झांकून टाकली. असूयेंतून निघालेल्या या युक्तीनें पुढें स्पेन व इटलीपर्यंत मजल मारली. खुद्द चिनी मातीचें रहस्य यूरोपास उकललें तें अठराव्या शतकाच्या आरंभीं, आणि १७१० सालीं जर्मनींतील माइसेन येथें पहिला कारखाना निघाला.

मग कोंकणच्या कुंभारासच हा हेवा कां वाटला नाहीं? आमच्या मतें त्याचें उत्तर त्याच्या स्वभावांत शोधण्याआधीं त्याच्या आव्यांत आणि चुलीवर शोधलें पाहिजे.

पहिलें कारण मातीचें. आमच्या नदीनाल्यांच्या कांठची माती लोहयुक्त आहे. ती नऊशें अंशांपर्यंत उत्तम भाजते, पण अकराशेंच्या पुढें नरम पडून बसूं लागते. म्हणजे चिनी पद्धतीची, उच्च आंचेंत वितळणारी झिलई तिला चढवूंच म्हटलें तर झिलई वितळण्यापूर्वीं भांडेंच लोळागोळा होईल. दुसरें कारण आव्याचें. ढिगांत मडक्याला मडकें टेकलेलें असतें, आणि तेंच त्या रचनेचें सामर्थ्य. झिलईचीं भांडीं अशीं रचलीं तर सगळा आवा एक खडक बनून निघेल, आणि राख उडून झिलई खराब होईल ती वेगळीच. त्यांना बंदिस्त भट्टी हवी, फळ्या हव्यात, तिवया हव्यात, धुरापासून राखणारे मातीचे डबे हवेत, आणि सर्पण दुप्पट नव्हे, कित्येक पट हवें. तिसरें कारण अन्नाचें. राहतां राहिल्या त्या थोड्या आंचेच्या दोन झिलया. सोड्याची आमच्या मातीवर चिरा पाडणार; आणि शिशाची बसेल खरी, पण तिच्यांत कोळिणीनें चिंच किंवा आमसूल घालून माशांचें कालवण रांधलें असतें तर घरोघर विष शिजलें असतें. कुंभारास शिशाचें विष ठाऊक होतें म्हणून त्यानें हें टाळलें, असें आम्ही म्हणत नाहीं. तीन वाटा होत्या आणि तिन्ही अडलेल्या होत्या, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

चौथें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. झिलईचा गुण म्हणजे छिद्रें बुजविणें. आणि आमच्या भांड्याचा गुण म्हणजे तीं छिद्रें उघडीं असणें. चैत्र-वैशाखाच्या उष्म्यांत माठांतील पाणी गार होतें तें माठाच्या अंगांतून पाझरून बाहेर वाऱ्यावर उडून जातें म्हणून. नवरात्रांत घटाभोंवतीं पेरलेलें धान्य उगवतें तें घटांतील पाणी त्या मातीस हळूहळू ओल पुरवितें म्हणून. झिलईच्या घटाभोंवतीं धान्य उगवेल काय? संक्रांतीचीं सुगडें, दिवाळीची पणती, आणि शेवटीं स्मशानांत फोडावयाचें मडकें, या सर्वांस भांडें साधें, स्वस्त आणि पुन्हा मातीस मिळण्याजोगेंच हवें. स्मृतिकारांनींहि धातूचें भांडें घासून शुद्ध होतें, मातीचें मात्र पुन्हा भाजावें लागतें किंवा टाकून द्यावें लागतें, असा भेद केला. आणि जें टाकून द्यावयाचें तें महाग कोण करील? देशावर तर कुंभार हा बारा बलुत्यांपैकीं एक. वर्षाकाठीं धान्य घ्यावें आणि फुटेल तसें मडकें पुरवावें, हा त्याचा गांवाशीं करार. जन्मभर टिकणारें भांडें या करारांत कोठें बसत नव्हतें. तेव्हां साधें मडकें ही अडाणीपणाची खूण नसून एका संपूर्ण जीवनक्रमाशीं जमलेली ती वस्तु होती.

तथापि या न्यायालाहि एक मर्यादा आहे, आणि ती लपवून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. घरांत कांहीं वस्तु अशा असतात कीं ज्यांना छिद्रें चालत नाहींत: लोणचें, मुरांबा, तूप, तेल. सच्छिद्र मडक्यांत तेल झिरपतें, आणि खाराचें लोणचें ठेविलें तर बाहेरच्या अंगावर मिठाचे पापुद्रे फुटतात. म्हणून झिलईच्या बरणीची गरज या देशास होतीच. ती भागविली ती परदेशानें. ब्रह्मदेशांतील मर्तबान बंदरांतून मोठमोठीं झिलईचीं रांजणें निर्यात होत, त्यावरून हिंदुस्थानी भाषेंत बरणीसच ‘मर्तबान’ म्हणूं लागले. चौदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता यानें तर समुद्रप्रवासासाठीं अशा मर्तबानांत आलें, मिरी, लिंबू व आंबे खारवून भरून दिल्याचें लिहून ठेविलें आहे. म्हणजे कैरीचें लोणचें आणि झिलईची बरणी यांचें लग्न लागून निदान पावणेसातशें वर्षें झालीं! मराठींत आपण त्या द्रव्यास ‘चिनी माती’ असें नांव दिलें. साखर, कापूर व माती या तिन्ही बाबतींत चीनचें नांव आपल्या स्वयंपाकघरांत व देवघरांत राहिलें, याची जाणीव फार थोड्यांस असते.

पुढें सोळाव्या शतकांत हा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेला. चीनची निळी-पांढरी भांडीं यूरोपांत नेण्याच्या व्यापारांत ते अग्रेसर होते. तारापूर, शिरगांव, केळवें-माहीम येथें त्यांचे कोट होते. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी आपांच्या सैन्यानें तारापूरचा किल्ला सर केला; त्या लढाईंत बाजी भिवराव कामास आले. मुरबे आणि आसपासची गांवें मराठ्यांच्या अंमलाखालीं आलीं, पण कोंकणांतील कारागिराच्या हातीं झिलई मात्र आली नाहीं. येथें एक गोष्ट मनास चटका लावते. यूरोपांत, ऱ्हाइन नदीच्या कांठीं, पंधराव्या शतकापासून मिठाची झिलई प्रचारांत होती. भट्टी बाराशें अंशांच्या पुढें गेली कीं तींत मुठी मुठी मीठ फेंकावयाचें. मिठाची वाफ होऊन त्यांतील सोडियम भांड्याच्या अंगांतील गारेशीं संयोग पावतो आणि आपोआप काच तयार होते. दळणें नाहीं, कालविणें नाहीं. पुढें शहरांतील सांडपाण्याचे तपकिरी चकचकीत नळ याच रीतीनें घडूं लागले. आमच्या किनाऱ्यावर मिठागरांस तोटा नव्हता. तोटा होता तो उच्च आंच सोसणाऱ्या मातीचा. आणि ती माती, म्हणजे खरी चिनी माती, याच कोंकणच्या दक्षिण टोंकास सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. काचेस लागणारी सिलिकावाळूहि तेथेंच कासार्डें भागांत आहे. मीठ उत्तरेस, माती दक्षिणेस, आणि दोघांची गांठ घालून देणारा कोणी नाहीं, अशी ही स्थिति होती.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी अंमलांत ती गांठ घालण्याचा एक प्रयत्न मुंबईस झाला. १८५७ सालीं स्थापन झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी यांनीं १८७० नंतरच्या दशकांत झिलईच्या भांड्यांची शाखा चालविली. सिंध प्रांतांतील कारागिरांची परंपरागत विद्या तीस आधारभूत होती, आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरविलेल्या चित्रांतील वेलबुट्टी त्या भांड्यांवर आली. बेळगांवीं जन्मलेले जॉर्ज बर्डवुड यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या हिंदी हस्तकलांवरील ग्रंथांत या कामाची दखल घेतली. पण त्याच ग्रंथांत त्यांनीं खेड्यांतील साध्या कुंभाराचेंहि मनापासून गुणगान केलें आहे. टेरी यांचीं भांडीं प्रदर्शनांत व साहेबांच्या दिवाणखान्यांत मानानें मिरविलीं. परंतु पालघर, डहाणूच्या आव्यापर्यंत त्यांची ऊब पोंचली नाहीं. शोभेच्या कुजेऱ्यास जी झिलई साजली ती लोणच्याच्या बरणीवर उतरली नाहीं.

बरणीचें काम व्हावयाचें होतें तें एका मराठी माणसाच्या हातून, पण महाराष्ट्राबाहेर. परशुराम गणपुले यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सौराष्ट्रांत थान, मोरवी या बाजूस चिनी मातीच्या कामाचा पाया घातला आणि ‘परशुराम पॉटरी वर्क्स’ हें नांव बरण्यांच्या व कपबशांच्या रूपानें घरोघर पोंचलें. वर तपकिरी किंवा पिवळसर आणि खालीं पांढरी अशी जी बरणी आपल्या आज्यांनीं फडताळांत जपली, तिच्या वंशाचा उगम अशा कारखान्यांत आहे. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधील चहानें पुण्यांत केवढें वादळ उठविलें तें सर्वश्रुत आहे. पण पुढच्या एका पिढींत कपबशी सोंवळ्या घरांतहि शिरली आणि मातीचें असूनहि घासून शुद्ध होणारें हें भांडें समाजानें मुकाट्यानें मान्य केलें. जें शास्त्रार्थानें सुटलें नसतें तें काचेच्या एका पातळ थरानें सुटलें. आज मोरवी हें भारतांतील झिलईच्या फरशांचें सर्वांत मोठें केंद्र आहे. उलट मुंबईंत धारावीच्या कुंभारवाड्यांत १९३० च्या दशकापासून वसलेले सौराष्ट्रांतीलच कुंभार माठ आणि पणत्या करीत आले. एकाच प्रांतांतून निघालेल्या या दोन वाटा झिलईचें व साध्या मातीचें काम अजून वांटून घेत आहेत.

मुरब्याच्या उत्तरेस कांहीं मैलांवर तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. त्याच्या पोटांत जळण म्हणून जें घालतात तें युरेनियमच्या भस्माची भुकटी दाबून, सुमारें सतराशें अंशांस भाजून केलेल्या लहान वड्यांच्या रूपांत असतें. म्हणजे तीहि एका अर्थीं कुंभाराच्याच घराण्यांतली वस्तु. हेंच भस्म दुसऱ्या महायुद्धापूर्वीं पाश्चात्य कारखाने भांड्यांवर पिवळा व नारिंगी रंग आणण्यासाठीं झिलईंत वापरीत असत. माती आणि आंच यांची विद्या कोठून निघून कोठें पोंचते, याचा हा एक नमुना.

आतां या किनाऱ्यावर पुन्हा बंदरांचे दिवस येऊं घातले आहेत. वाढवण येथील मोठ्या बंदराचा पायाभरणी समारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें झाला; खुद्द मुरबे येथेंहि बंदर बांधण्याची योजना पुढें आली आहे, आणि आपलीं मासे मारण्याचीं पाणथळें जातील या भीतीनें कोळी समाजानें या योजनांस विरोध केला आहे. त्या वादाचा निकाल देणें हें या लेखाचें काम नव्हे. परंतु इतिहासाच्या वतीनें दोन गोष्टी सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. पहिली ही कीं, या खाड्यांच्या गाळांत व कांठावरच्या टेंकाडांत जे खापरांचे तुकडे असतील, तेच या किनाऱ्याच्या सामान्य जनांचे ताम्रपट होत. एकदां गाळ उपसला आणि भराव पडला कीं ते पुन्हा वाचतां येणार नाहींत. म्हणून फावडें पडण्यापूर्वीं जाणत्यांनीं तो किनारा पायाखालीं घालावा, मिळेल तें नोंदवावें, आणि तारापूर-पालघरच्या शाळांतून निदान एकेक कपाट या खापरांसाठीं राखावें. हें काम फार खर्चाचें नाहीं, नजरेचें आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हजार वर्षांपूर्वींच्या बंदरानें या भागांत पिरोजी वाडगा आणला, परंतु तो करण्याची विद्या आणली नाहीं. भरभराट दारावरून गेली. ती पाहिली गेली, विकली गेली, पण शिकविली गेली नाहीं. साध्या मडक्यानें आपल्या गुणावर टिकाव धरला हें खरें. तथापि ज्याला सिंधची झिलई, ऱ्हाइनचें मीठ आणि सावंतवाडीकडची माती ही एका ठिकाणीं कोणी दाखविली असती, त्या कुंभाराच्या मुलानें माठहि केला असता आणि बरणीहि केली असती. त्याच्या हातांत कसर नव्हती. त्याच्यापर्यंत वाट नव्हती. नव्या बंदरांच्या धक्क्यावर कोणता माल उतरेल याचे हिशेब पुष्कळ मांडले जात आहेत. त्या मालाबरोबर येणारी विद्या कोळ्याच्या आणि कुंभाराच्या घरांत उतरणार आहे काय, हा प्रश्न त्या हिशेबाच्या वहींत पहिल्या पानावर असावयास पाहिजे.